खळ न लावलेल्या पगड्या

मी परीट. कापडाला हात लावला की ते कुणाचं, किती वर्षांचं आणि घरात त्याला मान आहे की नाही, एवढं मला कळतं. शाळा मी दुसरीत सोडली, किंवा शाळेने मला सोडलं, तुम्हाला जे पटेल ते धरा. पण त्या काळी रत्नागिरीत जे जे डोक्याला गुंडाळलं जाई ते सगळं माझ्या धुण्याच्या धोंडीवरून गेलेलं आहे. वकिलांचे रुमाल, खोतांची पागोटी, कुणब्यांची मुंडाशी, पुढे पुढे पांढऱ्या टोप्या. म्हणून पगडीबद्दल चार शब्द लिहायचा हक्क माझा आहे, आणि तो मी कुणाला विचारून घेतलेला नाही.

आमच्याकडे डोक्याच्या कापडाचं कसं होतं ते आधी सांगतो. रुमाल नवा असतो तेव्हा डोक्यावर. विरला की कमरेला. फाटला की चुलीवरचं भांडं उतरवायला. त्याच्याही चिंध्या झाल्या की उंबऱ्यापाशी पाय पुसायला. म्हणजे डोक्यावरून निघालेलं कापड उतरत उतरत पायाशी येतं. गरीब मुलूख, कापड फुकट जाऊ देत नाही कोणी. माझा बाप गेल्यावर त्याच्या तांबड्या रुमालाची मी घडी करून इस्त्रीच्या मुठीला गुंडाळायला घेतली. लोखंड तापलं की हात भाजू नये म्हणून. त्यात मला तेव्हाही काही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. बाप माझ्या हातात होता, पायात नव्हता.

हे चालत असताना गावात तो मिस्त्री आला.

घाटावर मोटारी सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. वरच्या रस्त्याला एक मोटारीचं गॅरेज निघालं. तिथे मोटारीच्या लाकडी खोक्याचं सुतारकाम आणि पोटातल्या यंत्राची दुरुस्ती, दोन्ही जाणणारा माणूस मुंबईहून आणला. पंजाबातला शीख. दारातून आत येताना वाकावं लागे एवढा उंच, दाढी छातीपर्यंत, आणि डोक्यावर पगडी. गावात शीख माणूस तो एकटा. माणसं पहिले काही दिवस त्याला बघायला गॅरेजवर जात आणि मोटार बघायला आलो म्हणून सांगत.

तो माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याने पगड्यांचं गाठोडं छातीशी धरलं होतं. बगलेत नाही, पाठीवर नाही. मी म्हटलं, ठेवा खाली. तो ठेवीना.

"खाली नाही, भाऊ," तो म्हणाला. मुंबईला राहिल्यामुळे मोडकंतोडकं मराठी त्याला येत होतं. "हे डोक्याचं आहे. धोतर-चादरीत मिळवायचं नाही. आणि पाँव से नहीं."

आता, जड कापड आम्ही पायाने तुडवतो. धंद्याची रीत आहे ती. मी म्हटलं, "मिस्त्री, मी तुम्हाला मोटारीचा खिळा कुठे ठोकायचा ते सांगायला येतो काय? मग मला धुणं शिकवू नका."

तो म्हणाला, "तुमची धोंड, तुमचा हात. पाय मात्र माझ्या पगडीवर नाही."

"मग दुसरीकडे न्या."

"दुसरा परीट चांगला नाही असं ऐकलं."

हे ऐकून माझी बायको आतून हसली. मी तिच्याकडे बघितलं तशी ती म्हणाली, "अहो, घ्या की. त्यांनी मान राखला तुमचा, तुम्ही त्यांच्या पगडीचा राखा."

घेतल्या. हाताने धुतल्या. दुसऱ्या कुणाच्या कापडाला लागू दिल्या नाहीत. खुणेचाही प्रश्न आला. आम्ही परीट लोक बिब्ब्याने कापडाच्या कोपऱ्याला खूण करतो, ती कापड फाटेपर्यंत जात नाही. मिस्त्री म्हणाला, पगडीवर काळा डाग नको. तेव्हा मी कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचा एक टाका घातला. माझा टाका मी कुठेही ओळखीन. मग पेजेची खळ लावून, झटकून, पगड्या वाळवल्या. तो घ्यायला आला तेव्हा हात फिरवून म्हणाला, "मुंबईतसुद्धा अशी खळ नाही बसली." मी म्हटलं, "मुंबईत तांदूळ विकतचा. इथे आमचा."

पुढे सवय झाली. रविवारी तो अंगणात येई आणि बांधायच्या आधी पगडी ताणायला मला दुसरं टोक धरायला लावी. एवढं लांब कापड, या फणसापासून त्या विहिरीपर्यंत. त्याला तो पूनी करणं म्हणायचा. दोघांनी ओढून, घडी घालत घालत जवळ यायचं. येणारे-जाणारे टिंगल करत. "काय रे परटा, जहाजाचं शीड घातलंस काय धुवायला?" मी टोक सोडत नसे. एकदा टोक धरलं की मी सोडत नाही, हे माझ्याबद्दल कुणालाही विचारा.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरचं पाणी न पिणारी पुष्कळ माणसं आमच्या हातचे कपडे मात्र अंगात घालून देवळात जात. मिस्त्री पहिल्याच महिन्यात ओटीवर मांडी घालून आमच्याबरोबर भात आणि कालवण जेवला. बायको वाढताना बिचकली तर म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे सगळे एका पंगतीत. वाढा." तेव्हापासून तो आमचा झाला. बायको त्याला भावजी म्हणायची.

दसरा होऊन गेला, पाऊस आटोपला, आणि एक दिवस मिस्त्री तीन पगड्या घेऊन आला. एक निळी, एक पांढरी, एक बदामी. तिन्ही जुन्या. निळी नि पांढरी त्याची होती, मी कितीदा धुतलेली. बदामी मी कधी पाहिली नव्हती. एवढी विरली होती की पलीकडचा हात दिसे.

"धुवा," तो म्हणाला. "पण खळ नको."

पगडीला खळ नको? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"आता बांधायच्या नाहीत," तो म्हणाला. "संपल्या. ही बदामी माझ्या बापाची. बाप गेला तेव्हा मी बरोबर घेतली. सणाला बांधत होतो. आता पीळ देताना फाटते."

मी म्हटलं, "मग ठेवा की. मोटारीचं तेल पुसायला होईल एवढं—"

माझं वाक्य पुरं झालं नाही. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. हळूच म्हणाला, "भाऊ, बाप सांगून गेला. डोक्यावरून उतरली की पायाखाली जाऊ द्यायची नाही. यावर अजून कुणाचा पाय पडला नाही. बापाच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही. एवढं एक काम माझ्याकडे राहिलं आहे."

"मग करायचं काय यांचं?"

"पाण्यात सोडीन. धावत्या पाण्यात. नाहीतर अग्नी. पण गॅरेजमध्ये पेट्रोल, तिथे काडी ओढता येत नाही. पाणीच बरं. आमच्या गावात नदी आहे. सोडलं की गेलं."

आमच्या पाण्याचं मी त्याला त्याच वेळी सांगितलं असतं. पण कधी नि कुठे सोडायचं हे त्याने विचारलं नाही, सांगितलं नाही. मी समजलो, नेईल कधीतरी वर घाटात, नदीला. तिन्ही पगड्या मी धुतल्या, खळ लावली नाही, घडी करून त्याच्या हातात दिल्या. तांबडे टाके तसेच राहिले होते, आणि बदामीला मी सवयीने नवा घातला होता.

आता खाडीचं सांगतो. मिस्त्रीचं पाणी एका दिशेने जाणारं. आमचं तसं नाही. आमची खाडी जाते आणि येते. माझी धोंड जिथे आहे तिथे पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, गोडं पाणी खाडीला मिळतं, आणि पौर्णिमेला उधाण आलं की खारं पाणी थेट धोंडीपर्यंत चढतं. खाऱ्या पाण्यात साबण फेसाळत नाही. म्हणून भरती कधी, ओहोटी कधी, हे मला कुणाला विचारावं लागत नाही, साबण सांगतो. मिस्त्री पौर्णिमेच्या आसपास, सकाळी उजाडता उजाडता खाडीवर गेला. पाणी समुद्राकडे धावत होतं. त्याने प्रार्थना म्हटली, गाठोडं सोडलं, ते डोळ्यांआड जाईपर्यंत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. पण ती ओहोटीची शेवटची घटका होती.

तिथून परतताना रस्त्यात त्याला मोटारवाला भेटला. साखरप्याला गाडी बंद पडलेली. मिस्त्री तसाच चढला आणि गेला. गॅरेजवर कुणाला पत्ता नाही. तिथल्या रखवालदाराने त्याला गाठोडं घेऊन खाडीकडे जाताना पाहिलं होतं एवढंच.

दुपारी मी भट्टी रचत होतो. राखेचा खार लावलेले कपडे थराथराने मडक्यावर चढवायचे, खाली जाळ घालायचा, वाफेने मळ सुटतो. तेवढ्यात बायको धावत आली. ती कपडे पोचवायला बाजारात गेली होती. रिकामी टोपली तशीच डोक्यावर.

"अहो! भावजी बुडाले म्हणतात!"

"कोण म्हणतं?"

"सगळा बाजार म्हणतो. जाळ्यात पगडी गावली. चौकीवर नेऊन ठेवली."

मी भट्टी तशीच टाकली. असं मी कधी करत नाही.

चौकीसमोर जत्रा. पायरीवर राजिवड्याचा म्हातारा कोळी बसला होता, मुसलमान दालद्यांपैकी, खाडीत खुंट्यांना जाळं बांधून मासे धरणारा. भरतीबरोबर गाठोडं परत आलं, जाळ्याला लागलं, गाठ सुटली आणि निळी पगडी सगळ्या जाळ्यावर पसरली. म्हातारा मला बघून उठला.

"बघ रे परटा. मी वर ओढलं नि काळीज थांबलं माझं. म्हटलं खाली माणूस असणार. जाळं पायाने दाबून ओढावं लागतं, पण पाय काढून घेतला मी. कुणाची तरी पगडी हाय ती. टोपलीत घातली, डोक्यावर घेतली नि इथे आणली. आणि ह्यांनी बघ कुठे टाकली."

मी आत बघितलं. तिन्ही पगड्या ओल्या, चिखलाच्या, आतल्या दाराशी जमिनीवर. एक शिपाई पाण्याची कळशी घेऊन मागच्या बाजूने येत होता. त्याचे पाय चिखलाने भरलेले, आणि समोर मऊ कापडाचा ढीग. उंबऱ्याशी कापड पडलं असेल तर माणूस काय करतो ते मी वर सांगितलं आहे.

त्याने पाय उचलला आणि मी ढीग ओढला. पाय फरशीवर आपटला. कळशी हिंदकळली.

"ए!" हवालदार टेबलामागून ओरडला. घाटावरचा माणूस, आवाज मोठा. "मुद्देमालाला हात लावतो? पंचनामा व्हायचाय अजून!"

"हवालदारसाहेब, पंचनामा करा. पण हे खाली ठेवू नका. वर ठेवा. त्या खुंटीवर ठेवा."

"खुंटीवर माझा डगला हाय."

"मग डगला खाली ठेवा."

बाहेर माणसं हसली. हवालदाराचं तोंड लाल झालं. "चौकी काय तुझ्या बापाची हाय काय रं?"

"चौकी तुमच्या बापाची असंल," मी म्हटलं. "पण ही पगडी त्याच्या बापाची आहे."

"म्हंजे कुणाची ते तू वळखतोस?"

"माझा टाका आहे. हा बघा तांबडा. आणि माणूस बुडालेला नाही."

"वा! आणि कशावरनं?"

"बुडणारा माणूस एक पगडी बांधून बुडतो. इथे तीन आहेत."

हवालदार विचारात पडला. शिपायाकडे बघून म्हणाला, "मंग तीन शीख बुडाले म्हणायचं काय?"

म्हाताऱ्या कोळ्याने तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "गावात शीख एकच आहे, साहेब. बाकीचे दोन बुडायला कुठून आणायचे? ह्या जुन्या पगड्या. त्याने स्वतः पाण्यात सोडल्या. मला माहीत आहे, कारण मी ह्यांना खळ लावली नव्हती."

"खळ पाण्यात इरगळत न्हाई व्हय?"

विरघळते. त्याचं म्हणणं खरं होतं. पण समोरच्याचं खरं निघालं म्हणून मी हटणारा माणूस नाही. मी म्हटलं, "मुद्देमाल चौकीबाहेर जाणार नाही, एवढीच तुमची अट ना?"

"व्हय."

"मग तो माझ्या डोक्यावर राहील. आणि डोकं इथेच राहील."

मी तिन्ही पगड्या पिळल्या, घडी घातली, माझं मुंडासं काढून खांद्यावर टाकलं आणि ओल्या पगड्यांचा भार डोक्यावर घेऊन चौकीच्या बाकावर बसलो. गाठोडी डोक्यावर वाहणं हाच माझा धंदा. हवालदाराला ह्याच्यावर काय कलम लावायचं ते कळेना. शेवटी तो आपल्या कागदाला लागला.

बसलो ते बसलोच. खारं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. डोळ्यांत गेलं की चुरचुरे. माशांचा वास येत होता. बाहेरची माणसं येऊन डोकावत, हसत, जात. "परटाला मुकुट चढवला रे!" चढू दे. बायको भाकरी घेऊन आली. मी एका हाताने भार धरलेला बघून म्हणाली, "आता काय चौकीत बसून भरवू तुम्हाला?" मी एका हाताने खाल्लं.

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "खरंच बुडाले नसतील ना हो?" आणि तिचे डोळे भरले. खरं सांगायचं तर तोच विचार माझ्याही मनात आला होता. सोडताना पाय घसरला असेल तर? पण मी म्हटलं, "गप. तो मला न सांगता मरणार नाही." म्हातारा कोळी म्हणाला, "संध्याकाळी ओहोटी होईल तेव्हा होडी घालतो. असला तर दिसंल." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे बोलला नाही. पण गेलाही नाही. माझ्याशेजारीच बसून राहिला.

उन्हं कलली तेव्हा बाहेर गलका झाला. माणसं बाजूला झाली. मिस्त्री. मोटार थांबते तिथेच त्याला स्वतःच्या मरणाची बातमी कळली होती. कपड्यांना तेल, हात काळे, डोक्याला काळी पगडी नीट बांधलेली. चौकीच्या पायरीखाली त्याने जोडे काढले आणि आत आला.

माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्याकडे.

"पाण्याने परत दिली?" तो म्हणाला.

"आमचं पाणी आहे, मिस्त्री. जातं नि येतं. मला विचारायचं होतं."

"भाऊ... पाय?"

सगळी चौकी ऐकत होती. मी म्हटलं, "नाही."

त्याने कोळ्याकडे बघितलं. म्हातारा उठून म्हणाला, "जाळ्यात माझा नाय. टोपलीतून डोक्यावर आणली. आणि इथे आल्यापासून ह्या हट्टी माणसाच्या डोक्यावर. अल्लाची शपथ घेतो."

हवालदाराने शिपायाकडे बघितलं, शिपायाने कळशीकडे. पण पाय पडलाच नव्हता. मी ओढली होती.

मिस्त्रीने दोन्ही हात पुढे केले. मी भार उतरवून त्याच्या हातांवर ठेवला. मान एवढी आखडली होती की दोन दिवस मी सगळ्यांकडे तिरकं बघत होतो.

"थांबा," हवालदार म्हणाला. "तू मेला न्हाईस ते लिहून दे आधी."

मिस्त्रीने सही केली. खाली मी अंगठा नव्हे, सही केली. दुसरीपर्यंत शिकलो आहे.

आता प्रश्न उरला तो पगड्यांचा. पाण्यावरचा मिस्त्रीचा विश्वास उडाला होता. रस्त्याने जाताना म्हणाला, "आता अग्नीच." गॅरेजमध्ये नाही. कुणी म्हणालं स्मशानात, तर तो म्हणाला, "मेलं कोण?" उघड्यावर माळावर जाळावं तर वारा, राख उडून वाटेवर पडणार, वाटेवर पाय. आम्ही ओटीवर येऊन बसलो तरी सुचेना. तेव्हा बायको म्हणाली, "आपली भट्टी आहे की."

मी भट्टीकडे बघितलं. तुम्ही परीट असाल तर कळेल. भट्टीत कापड जळणं ही आमच्यातली सगळ्यात मोठी नामुष्की. जाळ जास्त झाला, थर चुकला आणि कुणाचं धोतर करपलं तर जन्मभर जळका परीट म्हणून नाव पडतं. माझ्या भट्टीत बापापासून एक कापड जळलेलं नव्हतं. ती गोष्ट मी चारचौघांत छाती काढून सांगत असे. आता त्याच भट्टीत आपल्या हाताने कापड जाळायचं.

मिस्त्रीलाही ते कळलं. तो म्हणाला, "नको, वहिनी. भाऊचं नाव जाईल."

"जायचं तर जाईल," मी म्हटलं. "ह्या पगड्या इथून स्वच्छ होऊन गेल्या. शेवटच्या खेपेला दुसरीकडे कशाला? पण आत्ता नाही. खारं पाणी धरलेलं कापड वाळत नाही आणि जळतही नाही, धुमसतं. आधी मी धुणार."

ऊन असेतो पऱ्यावर वरच्या अंगाला, जिथे भरती पोचत नाही तिथे, तिन्ही पगड्या गोड्या पाण्यात धुतल्या. चिखल काढला, मीठ काढलं. बायकोने ओटीवर आढ्याला दोरी बांधली, माणसाच्या डोक्याहून उंच, आणि त्यावर त्या पसरल्या. सकाळपर्यंत हलक्या झाल्या.

सकाळी भट्टी रिकामी केली. गिऱ्हाइकांचे कपडे उतरवले, कुणी ओरडले ते ओरडले. जुनी राख उपसली, बायकोने चूल सारवली. आमची भट्टीची राखसुद्धा कामाची असते, धुण्याच्या खारात जाते. म्हणून मी आधीच सांगून ठेवलं की ही राख खाराच्या मडक्यात जाता कामा नये, वेगळी भरायची. मिस्त्री आंघोळ करून, दुसरी नवी पांढरी पगडी बांधून, अनवाणी आला. मी त्याच्या डोक्यावरची पगडी पाहिली आणि मनात म्हटलं, खळ बरी बसली आहे.

त्याने पहिली घडी उचलली तसा मी म्हटलं, "थांबा."

कातरीच्या टोकाने मी तिन्ही पगड्यांच्या कोपऱ्यांतले तांबडे टाके उसवले. तो बघत राहिला.

"खूण कशाला काढता, भाऊ? जळणारच आहे."

"खूण असली की कापड माझ्याकडे परत यायचं असतं," मी म्हटलं. "हे आता यायचं नाही."

मग त्याने निळी ठेवली, पांढरी ठेवली, आणि शेवटी बदामी. ठेवताना ती कपाळाला लावली. पंजाबीत काहीतरी म्हणत राहिला, मला शब्द कळले नाहीत, चाल शांत होती. जाळ मी घातला, कारण भट्टी माझी. किती घालायचा हे मला माहीत होतं. एक ठिणगी बाहेर उडाली नाही. बदामी सगळ्यात आधी गेली, एवढी विरलेली होती ती. मिस्त्री रडला नाही. मान ताठ ठेवून उभा होता, एखादं काम नीट पार पडताना मालक उभा राहतो तसा.

आळीतले दोघेतिघे कुंपणापलीकडून बघत होते. एक म्हणाला, "शेवटी जाळलंस की रे कापड!" मी म्हटलं, "हो. आणि जाळायलाही मीच लागलो."

दुपारी राख निवाली. बायकोने ती नव्या मडक्यात भरली. मिस्त्री मडकं घेऊन लगेच निघाला तसा मी त्याचा हात धरला.

"बसा. जेवा. अजून भरती आहे."

"कधी उतरेल?"

"मी सांगेन तेव्हा."

जेवलो. मग मी साबणाचा तुकडा घेऊन धोंडीवर गेलो. तो मागून आला, मडकं छातीशी, पहिल्या दिवशी गाठोडं धरलं होतं तसंच. मी पाणी घेऊन साबण चोळला. फेस नाही. बसलो. पुन्हा चोळला. नाही. मिस्त्री अस्वस्थ होऊन पाण्याकडे बघत होता. आता त्याला पाण्याचा भरवसा नव्हता, माझा होता. पलीकडे म्हातारा कोळी होडीत बसून आमची गंमत बघत होता. थोड्या वेळाने मी परत साबण चोळला आणि हातात पांढरा फेस फुलला. गोडं पाणी खाली सरकायला लागलं होतं.

"आता," मी म्हटलं. "आत्ता सुरू झाली. पुरी ओहोटी पुढे आहे."

तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि मडकं हळूच कलतं केलं. राख पाण्यावर पसरली, करडी झाली, आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली. आम्ही बघत राहिलो. मग मी त्याला पाण्यातून वर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो होतो. मागे राहिलेली सगळी गिऱ्हाइकं एकदम अंगावर आली होती. खाडीतून हाक आली. म्हातारा जाळं उचलून होडीत उभा होता.

"परटा! बघितलं रे सगळं जाळं! नुसते मासे, शेंगट्या नि काळुंदरं! दुसरं काय नाय!"

मी हात वर केला. रविवारी मिस्त्री आला, काळी पगडी घेऊन, छातीशी धरून. म्हणाला, "भाऊ, खळ जरा जास्त लावा."

"किती लावायची ते मी बघतो," मी म्हटलं.